कपाळाच्या उबेवर लागणारा दिवा

डिसेंबरातली सकाळ. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा कडाप्पा चांगलाच गार पडला होता. त्यावर एक पांढरी चौकोनी वडी ठेवली. नारळाच्या वडीएवढीच, पण पातळ, आणि एका बाजूने लाल-काळ्या वायरी निघालेली. वायरी मल्टीमीटरला जोडल्या आणि वडीवर तळहात दाबून धरला. मीटरवर झर्रकन ८० मिलिव्होल्टच्या पुढे आकडा गेला. भाचा टाळी वाजवणार, तेवढ्यात आकडा उतरायला लागला. सत्तर, साठ, पन्नास. मिनिटाभरात तिशीवर येऊन रेंगाळला.

"काका, तुमचा हात गार पडला का?"

हात होता तेवढाच गरम होता. गरम झाला होता तो खालचा कडाप्पा. हातातून निघालेली ऊब वडीतून खाली झिरपली, वडीखालची फरशी कोमट झाली आणि वरच्या-खालच्या बाजूंतला फरक आटला. मीटर उष्णता मोजत नव्हताच, तो हा फरक मोजत होता. अंगाच्या उबेवर चालणारा दिवा बनवायला घेतलात की सगळी झटापट या एका गोष्टीशी असते. ऊब तर प्रत्येकाकडे आहे. फरक टिकवून दाखवणं अवघड.

ही वडी म्हणजे पेल्टियर मॉड्यूल. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर "पेल्टियर द्या" एवढं म्हटलं तरी काउंटरवर येते. बहुतेक वेळा तिच्यावर टीईसी१-१२७०६ असं छापलेलं असतं. लोक ती नेतात ते छोटा फ्रिज करायला, कारण तिच्यात वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. हा परिणाम पेल्टियर या फ्रेंच माणसाने १८३४ साली पाहिला. पण आपल्याला हवा आहे तो याचा उलटा खेळ, आणि तो त्याच्याही आधी, १८२१ साली, बर्लिनमध्ये थॉमस सीबेकला दिसला होता. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून त्याने एक कडं केलं, एक सांधा तापवला आणि जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. सीबेकला वाटलं, उष्णतेने चुंबकत्व तयार झालं. प्रत्यक्षात कड्यातून वीज वाहत होती आणि सुई तिच्यामुळे हलत होती. शोध खरा, अर्थ चुकीचा, आणि तरी नाव त्याचंच राहिलं.

आत काय घडतं ते समजायला कढईतल्या ज्वारीच्या लाह्या आठवा. जाळ कढईच्या एकाच कडेला लागला तर त्या कडेच्या लाह्या जास्त उडतात आणि त्यातल्या बऱ्याच गार कडेला जाऊन पडतात. थोड्या वेळाने गार बाजूला ढीग साचतो. धातूतले किंवा अर्धवाहकातले इलेक्ट्रॉन साधारण असेच वागतात. गरम टोकाला त्यांची धावपळ जास्त, म्हणून ते गार टोकाकडे सरकून तिथे गर्दी करतात. एका टोकाला गर्दी आणि दुसऱ्या टोकाला चणचण म्हणजेच व्होल्टेज.

साध्या तांब्या-लोखंडात हा परिणाम फारच किरकोळ असतो. शिवाय धातू उष्णतेलाही सहज वाट देतो, त्यामुळे दोन्ही टोकं लगेच सारखी होतात. हवा असा पदार्थ जो विजेला वाट देईल पण उष्णतेला अडवेल, आणि असे पदार्थ थोडेच आहेत. आपल्या नेहमीच्या तापमानाला त्यातला सर्वांत चांगला म्हणजे बिस्मथ टेल्युराइड. मॉड्यूलच्या दोन पांढऱ्या सिरॅमिक पत्र्यांमध्ये याचेच इवलेसे खांब उभे असतात. निम्म्या खांबांत इलेक्ट्रॉनांचा कारभार, निम्म्यांत त्यांच्या रिकाम्या जागांचा. दोघांचं मिळून एक जोडपं, आणि वडीवरच्या आकड्यातले १२७ म्हणजे अशी १२७ जोडपी, एकामागे एक माळेसारखी ओवलेली. (शेवटचे ०६ म्हणजे ती जास्तीत जास्त ६ अँपिअर झेलते. आपण त्याच्या जवळपासही जाणार नाही.) एका जोडप्याला एका अंशाच्या फरकामागे मिळतात जेमतेम ०.४ मिलिव्होल्ट. १२७ जोडप्यांचे मिळून सुमारे ५० मिलिव्होल्ट. ओट्यावर मीटर ८० दाखवत होता, याचा अर्थ वडीच्या दोन बाजूंत दीड अंशाच्या आसपास फरक होता. बस, एवढाच!

आता तो व्हॉट्सॲपवर फिरणारा हिशेब. "स्वस्थ बसलेला माणूस १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे प्रत्येक माणूस एक बल्ब आहे!" पहिला अर्धा भाग बरोबर आहे. स्वस्थ बसलेलं मोठं माणूस खरोखर १०० वॉटच्या आसपास उष्णता सोडत असतं. घोळ आहे दुसऱ्या अर्ध्यात. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल, तर तिथे डोंगराकडून खापराच्या नळांतून आणलेलं पाणी उंचावरून पडतं आणि त्या पडण्यावर जातं फिरतं. तेवढंच पाणी सपाट हौदात भरून ठेवलं तर जात्याचा दगड तसूभरही हलणार नाही. शरीराची उष्णता म्हणजे असाच तुडुंब भरलेला हौद, ज्याला उतार जवळजवळ नाही. कातडी ३४ अंशांवर, खोली २४ अंशांवर, म्हणजे उतार १० अंशांचा. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे एवढ्या उतारावर जगातलं कितीही आदर्श यंत्र आणलं तरी त्या उष्णतेतून साधारण ३ टक्केच काम निघू शकतं. आणि आपली वडी आदर्श यंत्राच्या कितीतरी मागे आहे.

ज्यांच्याकडे उतार मोठा होता त्यांनी याच तत्त्वावर झकास कामं केली. १९५०च्या दशकात सोव्हिएत रशियात रॉकेलच्या कंदिलावर बसवायचं जनित्र मिळत असे. काचेच्या वर तापलेली बाजू, बाहेर पंख्यासारखे पत्रे, आणि त्यावर घरातला रेडिओ चालायचा. १९७७ साली सोडलेली दोन्ही व्हॉयेजर यानं आजही प्लुटोनियमच्या उष्णतेवर अशाच जोडप्यांनी वीज बनवत आहेत. तिथे फरक शेकडो अंशांचा असतो. आपल्याकडे दहा अंश, आणि ते दहाही आपल्या हाती येत नाहीत. ही पुढची गोष्ट मला स्वतःला सर्वांत उशिरा कळली.

शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश, खोलीचं २५. मधला फरक १२ अंशांचा. तुम्ही म्हणाल, वडी कपाळाला लावली की १२ गुणिले ५० म्हणजे ६०० मिलिव्होल्ट मिळाले! मीही कागदावर तेच मांडलं होतं. प्रत्यक्षात ३० मिळाले. कारण उष्णतेला बाहेर पडताना तीन जकातनाकी ओलांडावी लागतात. पहिलं नाकं शरीराचं स्वतःचं: आतून कातडीपर्यंत, मग कातडीतून वडीपर्यंत. दुसरं नाकं म्हणजे वडी. तिसरं, वडीच्या मागच्या बाजूपासून हवेपर्यंत, आणि स्थिर हवा ही उष्णतेच्या बाबतीत महाकंजूष. प्रत्येक नाकं आपापल्या अडथळ्याच्या प्रमाणात त्या १२ अंशांतला वाटा कापून घेतं. चार सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद जागेचा ढोबळ हिशेब असा: एक वॉट उष्णता पुढे ढकलायला शरीराच्या नाक्यावर १५ अंश मोजावे लागतात, वडीत २ आणि मागे बसवलेल्या छोट्या हीटसिंकपासून (म्हणजे ऊब हवेत सोडणाऱ्या धातूच्या पत्र्यांपासून) हवेपर्यंत २०. एकूण ३७. वडीच्या वाट्याला आले १२ अंशांतले दोन-सदतिसांश, म्हणजे ०.६५ अंश. त्याचे झाले ३२ मिलिव्होल्ट.

बाजारातली वडी फ्रिजसाठी घडवलेली असते, म्हणून ती पातळ, म्हणून तिचं नाकं फारच उदार. अंगावर घालण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या मॉड्यूलमध्ये खांब उंच आणि विरळ ठेवतात, म्हणजे उष्णतेला जास्त अडथळा होतो आणि फरकातला जास्त वाटा मिळतो. ती महाग असतात आणि गल्लीत मिळत नाहीत. मग आपल्या हातात राहतं तिसरं नाकं सैल करणं: हीटसिंकला पत्रे जास्त, ते उभे, आणि हवा हलती. बाहेर १० अंश असताना माणूस चालू लागला की वारा लागून त्या २०चे १० होतात. आता फरक २७ अंशांचा, त्यात वडीचा वाटा दोन-सत्ताविसांश, म्हणजे बरोबर २ अंश. १०० मिलिव्होल्ट!

इथे आणखी एक मजा आहे. फरक दुप्पट झाला की वीज चौपट होते, कारण व्होल्टेजही वाढतं आणि करंटही. वडीचा आतला रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) सुमारे २ ओहम धरला तर घरात बसून एका वडीतून फार तर ०.१३ मिलिवॉट निघतात, आणि गारठ्यात चालताना १.२५ मिलिवॉट. तोच माणूस, तेच कपाळ, आणि जवळपास दसपट वीज.

पण वीज असून भागत नाही. पांढऱ्या एलईडीला तिच्यातून काही वाहायला लागण्यासाठीच पावणेतीन-तीन व्होल्ट लागतात. टाकीत पाणी आहे, पण टाकीच जमिनीवर, अशी अवस्था. वडीचे ५०-१०० मिलिव्होल्ट वर चढवायला ट्रान्सफॉर्मर हवा, आणि ट्रान्सफॉर्मर संथ वाहणाऱ्या विजेला दाद देत नाही, त्याला सतत चालू-बंद होणारी वीज लागते. ते चालू-बंद कोण करणार? ट्रान्झिस्टर. आणि सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर उघडायलाच ०.६ व्होल्ट लागतात! म्हणजे चावी कुलपाच्या आत राहिली. जुन्या रेडिओतला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर ०.२-०.३ व्होल्टवर उघडतो, पण आपण त्याच्याही खाली आहोत.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. असा ट्रान्झिस्टर वापरायचा जो मुळात उघडाच असतो आणि ज्याला बंद करावं लागतं. वडीची वीज त्यातून आपोआप वाहू लागते, ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या गुंडाळीतून जाते, शंभरपट वेढ्यांच्या दुसऱ्या गुंडाळीत मोठा धक्का बसतो, तो धक्का परत येऊन ट्रान्झिस्टरला बंद करतो. बंद झाला की धक्का ओसरतो, तो पुन्हा उघडतो. झोक्याला पहिला हलका रेटा मिळावा आणि मग तो स्वतःच झुलत राहावा, तसं. एलटीसी ३१०८ नावाची चिप नेमकं हेच करते आणि एकास शंभरचा ट्रान्सफॉर्मर सोबत असेल तर २० मिलिव्होल्टवरसुद्धा जागी होते. या चढाओढीत निम्म्याहून जास्त वीज मात्र वाटेतच कटते. दलाली म्हणायची आणि सोडून द्यायचं.

याच अडचणीतून ॲन माकोसिन्स्की ही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या व्हिक्टोरिया शहरातली शाळकरी मुलगी गेली होती. तिच्या फिलिपिन्समधल्या मैत्रिणीच्या घरी वीज नव्हती, रात्री अभ्यास होत नव्हता आणि ती नापास झाली. ॲनने पेल्टियर वड्या वापरून तळहाताच्या उबेवर चालणारी बॅटरी बनवली आणि २०१३च्या गूगल सायन्स फेअरमध्ये आपल्या वयोगटात पहिली आली. तिच्या बॅटरीचं नाव होतं 'हॉलो फ्लॅशलाइट', पोकळ बॅटरी, आणि खरी अक्कल त्या पोकळीत आहे. मधून आरपार जाणारी ॲल्युमिनियमची नळी, तिच्यात खेळती हवा, म्हणजे वड्यांची आतली बाजू गार. मूठ बाहेरून ऊब देते. तिसरं नाकं तिने असं सोडवलं.

मी दिवा हातात न घेता कपाळावर बांधायचं ठरवलं, त्यामागे एक कारण आहे. थंडीत शरीर पहिल्यांदा बोटांचा रक्तपुरवठा आखडतं, म्हणून हात गारठतात. कपाळाच्या बाबतीत ते तसं फारसं करत नाही. म्हणजे ज्या वेळी बाहेर फरक मोठा, त्याच वेळी कपाळ ऊब द्यायला हजर. शिवाय तिथे केस नाहीत आणि दिवा जिकडे बघाल तिकडे पडतो.

रचना साधी आहे. कपाळाच्या वळणाला वाकवलेली पातळ ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर ओळीने चार वड्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा, म्हणजे ऊब पुढे नेणाऱ्या लेपाचा, अगदी पातळ हात (जाड थापलात तर तीच नवं नाकं होते), मागे हलके पत्र्यांचे हीटसिंक. जुन्या कॉम्प्युटरचा हीटसिंक वापरून पाहिला, मान दुखली. वड्यांच्या मधल्या फटींत फोमचे तुकडे भरायचे. मी आधी ते भरले नव्हते. पट्टीची ऊब फटींतून थेट हीटसिंककडे पळत होती, वडीला वळसा घालून. फोम घातल्यावर मीटर सरळ पाचेक मिलिव्होल्ट वर गेला. चार वड्या एकाच माळेत जोडू नका, रोध ८ ओहम होतो आणि चिपशी त्याचं जमत नाही. दोन-दोनच्या दोन माळा करून त्या समांतर जोडल्या की रोध पुन्हा २ ओहम, व्होल्टेज दुप्पट. वायरी जाड घ्या. मिलिव्होल्टच्या दुनियेत बारीक वायरसुद्धा चोर असते.

पहिल्यांदा पट्टा बांधला तेव्हा आजी बघत होती. "अंगातली ऊब ओढून घेतो म्हणतोस, मग अशक्तपणा नाही का यायचा?" प्रश्न चांगला आहे. एका वडीतून जाते साधारण एक तृतीयांश वॉट. चारांतून सव्वा-दीड. शरीर टाकतंय १०० वॉट, तीही कुणी मागितली नसताना. कपाळाला चांदीचं नाणं लावल्यासारखं गार वाटतं, त्यापलीकडे काही नाही. "मग मला नको," आजी म्हणाली, "माझं डोकं आधीच गार आहे."

उजेड किती पडतो, ते आता सांगायला हवं. गारठ्यात चालताना चार वड्यांचे मिळून ५ मिलिवॉट, दलाली जाऊन उरले दोनेक. चांगल्या एलईडीतून त्याचे होतात सुमारे ०.२ ल्युमेन (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप). मेणबत्ती १२ ल्युमेनच्या आसपास देते, म्हणजे आपला दिवा मेणबत्तीचा साठावा हिस्सा. निराश होण्याआधी एवढं लक्षात घ्या की मेणबत्ती चारी दिशांना उधळते. हे ०.२ ल्युमेन छोट्या भिंगाने वहीच्या एका पानावर गोळा केले तर तिथे ६-७ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतो, पौर्णिमेच्या चांदण्याच्या कितीतरी पट. अक्षरं लागतात. पायवाटेवरचा दगड आणि दगडाची सावली वेगळी कळते. घरात बसून मात्र एलईडी सलग पेटत नाही. कपॅसिटरमध्ये थेंब थेंब साठवून मधूनच लुकलुकते, काजव्यासारखी.

जपानच्या सेकोने १९९८ मध्ये मनगटाच्या उबेवर चालणारं घड्याळ बाजारात आणलं होतं, ते जमलं कारण क्वार्ट्झ घड्याळाला एखादा मायक्रोवॉट पुरतो. दिव्याची भूक त्याच्या हजारपट. आणि हिशेबाला हिशेब म्हणून हेही: काही रुपयांना मिळणारा सीआर२०३२ हा बटण सेल हाच २ मिलिवॉटचा उजेड जवळपास दोन आठवडे, रात्रंदिवस देऊ शकतो. खेड्यात दिवा पोचवायचा असेल तर सोलर कंदील घ्या, माझा पट्टा घेऊ नका. अंगाच्या उबेचा खरा उपयोग तिथे आहे जिथे सेल बदलणं हीच डोकेदुखी असते आणि भूक मायक्रोवॉटची असते, जसे अंगाला चिकटवलेले नाडी-तापमानाचे सेन्सर.

शिवाय आपलं हवामान. मे महिन्यात कोकणात पारा ३३-३४ला टेकला की कातडी आणि हवा एका पातळीवर येतात आणि दिवा मरतो. नागपुरात ४३ अंशांना तर गंगा उलटी वाहते: हवाच कपाळापेक्षा गरम, उष्णता बाहेरून आत येते आणि वडीचं अधिक-उणे बदलतं. ३१०८ला हे चालत नाही. तिची बहीण ३१०९ दोन्ही दिशा चालवून घेते. पण विदर्भातल्या माणसाला यावर चिप सांगायची गरज नाही, त्याच्याकडे माठ आणि वाळ्याचा कूलर आहे. हीटसिंकवर ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळा. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि फडकं २२-२४ अंशांपर्यंत उतरतं. ४३ अंशांच्या हवेतही कपाळ गरम बाजू ठरतं आणि दिवा पुन्हा सुरू होतो. कोकणच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही, तिथे फडकं नुसतंच ओलं राहतं.

आमचा पट्टा सर्वांत छान चालला तो जानेवारीत, हरिश्चंद्रगडावर, पहाटे साडेचारला. वारा अंगावर, भाचा पुढे, त्याच्या कपाळावर फिकट पांढरा ठिपका न लुकलुकता सलग पेटलेला. कोकणकड्याच्या अलीकडे त्याचे कान दुखायला लागले म्हणून त्याने कानटोपी काढली आणि पट्ट्यावरूनच डोक्याला घट्ट ओढून घेतली. चार पावलं गेला असेल.

"काका, दिवा गेला!"




"टोपी काढ."

"थंडी वाजतेय."